सप्टेंबरात व्हिटॅमिन डी १४ आलं: कोकणातलं ऊन, पावसाळा आणि आपल्या कातडीचा रंग

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचं वय ३९, राजापूर तालुक्यात राहता, शाळेत शिकवता, गणपती झाल्यावर सप्टेंबरात टेस्ट केली तर व्हिटॅमिन डी १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आलं. पुण्याच्या जावेचं मे महिन्यात २६ होतं आणि ती तुमच्यापेक्षा उजळ आहे, म्हणून तुम्ही विचारताय की हे माझ्या सावळ्या रंगामुळे का, समुद्राकाठी एवढं ऊन पडत असताना कमी होतंच कसं, आणि व्हिटॅमिन डीची ६० हजार युनिटची पुडी किती दिवस घ्यायची. आणि शेवटी सासूबाईंबद्दल दोन ओळी लिहिल्यात, त्यांच्यावर मी शेवटी येतो, कारण खरं सांगायचं तर मला तुमच्या १४ पेक्षा त्या दोन ओळींचीच जास्त काळजी वाटली.

मी याच पट्ट्यात बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि माझं एक म्हणणं पक्कं झालंय, की व्हिटॅमिन डीचा आकडा नुसता वाचायचाच नाही. रक्त कुठल्या महिन्यात काढलं, कातडी कशी आहे आणि त्या माणसाचा दिवस कुठे जातो हे तीन बाजूला लिहून मगच वाचायचा. तुमचा सप्टेंबरचा १४ आणि जावेचा मे मधला २६ हे शेजारी ठेवून तुलना होतच नाही. जावेची टेस्ट झाली ती वर्षातल्या सगळ्यात भरपूर उन्हाच्या शेवटी, तुमची झाली साडेतीन महिन्यांच्या अंधाऱ्या पावसानंतर. त्यात लॅब वेगळी, मशीन वेगळं, पद्धत वेगळी, तेवढ्यानंसुद्धा काही आकड्यांचा फरक पडतो. तिची टेस्टही सप्टेंबरात केली असती तर २६ राहिलं असतं असं मला वाटत नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकी उत्तरं आपोआप सुटतात. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो, त्याच्यावर उन्हातले यूव्हीबी किरण पडले की त्याचं रूप बदलतं आणि मग शरीराच्या उबेनं त्याचं व्हिटॅमिन डी ३ बनतं. ते लिव्हरमध्ये जाऊन २५-हायड्रॉक्सी होतं, रिपोर्टवर तुम्ही जो आकडा बघता तो याचा, आणि पुढे किडनीत त्याचं खरं काम करणारं रूप तयार होतं जे आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. सगळी गाडी सुरू होते ती त्या यूव्हीबीपासून. आणि यूव्हीबी फार नाजूक प्रकरण आहे हं. सूर्य तिरपा असला की हवेच्या जाड थरातच ते अडकतं, खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाही, कपड्यातून येत नाही, आणि दाट काळा ढग आला की निम्म्याहून कमी होऊ शकतं. ऊन अंगाला चटकतं ती उष्णता वेगळी. गाडीत काच लावून बसल्यावर हात भाजतो पण डी मिळत नाही.

परदेशातल्या लेखात तुम्ही वाचलं असेल की व्हिटॅमिन डी हिवाळ्यात कमी होतं. तिथे ते खरंच आहे. अमेरिकेतलं बोस्टन ४२ अंश उत्तरेला आहे, तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका खाली असतो की भर दुपारी उघड्यावर उभं राहिलं तरी कातडीत काही बनत नाही. आपली रत्नागिरी १७ अंशावर. आपल्याकडे २१-२२ डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा, सूर्य दुपारी जवळपास ५० अंश वर असतो. म्हणजे आपल्याकडे असा एकही महिना नाही की ज्यात आकाशातून डी मिळणारच नाही. आपला हिवाळा हा डीचा दुष्काळ नाही. आपला दुष्काळ पावसाळ्यात पडतो.

आणि यातली वाईट वाटण्यासारखी गोष्ट बघा. रत्नागिरीत सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा, एकदा मे च्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. म्हणजे नुसत्या सूर्याचा हिशोब केला तर जून-जुलै-ऑगस्ट हे आपले उत्तम महिने असायला हवेत, पण नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं, पंधरा-पंधरा दिवस सूर्यदर्शन नाही, माणसं पडवीच्या आत, आणि बाहेर पडलंच तर रेनकोट नाहीतर छत्री. लावणीला शेतात दिवसभर असलेल्या बायकांना लोक म्हणतात तुम्ही तर उघड्यावरच असता की, पण वाकून लावणी करताना पूर्वी डोक्यापासून कमरेपर्यंत इरलं असायचं, आता प्लास्टिक असतं, आणि वरून ढग. अंगावर येतो तो पाऊस.

त्यात आणखी एक भर पडते जी फक्त आपल्या किनाऱ्याचीच आहे. खाण्यातून डी मिळायचे मार्ग फार थोडे, त्यातला सगळ्यात चांगला म्हणजे तेलकट मासा, तारली, पेडवे, बांगडा. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग लगेच श्रावण, बऱ्याच घरात गणपतीपर्यंत मासा-अंडं काहीच नाही. म्हणजे ऊनही गेलं आणि बांगडाही गेला, दोन्ही एकदमच. श्रावण पाळू नका असं मी म्हणत नाही, मी फक्त सप्टेंबरचा आकडा का पडतो ते सांगतोय. अंड्याच्या बलकात थोडं मिळतं. दुधात मुळात फारसं नसतं, पण आता पिशवीवर निळं एफ आणि अधिकचं चिन्ह असलेलं दूध आणि तेल मिळतं त्यात ए आणि डी वरून घातलेलं असतं, ते बघून घ्या. नाचणी, सोलकढी, खोबरं यातून डी मिळत नाही. नाचणीत कॅल्शियम मात्र भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे भाकरी सोडू नका.

रक्तातला हा आकडा लगेच खाली येत नाही. त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, दोन-तीन आठवडे धरतात, पण चरबीतही थोडा साठा असतो आणि तो हळूहळू सुटत राहतो, म्हणून आकडा उन्हाच्या मागे मागे चालतो, एक-दीड महिना उशिरानं. मे च्या उन्हाचा फायदा जूनच्या रिपोर्टमध्येही दिसतो आणि जुलैच्या ढगांचा तोटा सप्टेंबरात. म्हणजे तुम्ही टेस्ट केलीत ती वर्षातल्या जवळजवळ तळाच्या वेळेला. माझ्याकडे गणपतीत चाकरमानी येतात, घरच्या सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप करून टाकू म्हणून पॅकेज घेतात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर लाल अक्षरातल्या रिपोर्टांचा ढीग पडतो. चांगली धडधाकट माणसं घाबरून बसलेली असतात.

आता रंगाचं. हो, रंगाचा संबंध आहे, पण लोक समजतात तसा सरळ नाही. १९७५ मध्ये फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं उन्हाला कातडी कसा प्रतिसाद देते यावरून प्रकार पाडले, पुढे ते सहा झाले, पहिला म्हणजे उन्हात भाजून लाल होणारी पण कधीच काळी न पडणारी पांढरीफटक कातडी आणि सहावा म्हणजे अगदी गडद. आपण कोकणी माणसं बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतो. कातडीतलं मेलॅनिन हे नैसर्गिक छत्रीच आहे, ते यूव्हीबी शोषून घेतं, त्यामुळे गोऱ्यापान युरोपियन माणसाला जेवढं डी दहा मिनिटांत बनेल तेवढं बनायला गडद कातडीला त्याच्या काही पट वेळ लागतो. पण लक्षात घ्या, वेळ जास्त लागतो, कारखाना बंद नसतो. सावळी कातडी पुरेसं ऊन मिळालं तर व्यवस्थित डी बनवते.

म्हणूनच मी रंगावरून कधी अंदाज करत नाही. होडीवर जाणारा तांडेल, मासळी बाजारात बसणारी मावशी, चिऱ्याच्या खाणीवर काम करणारा माणूस, हे माझे सगळ्यात काळेसावळे पेशंट, आणि यांचे आकडे मे महिन्यात बऱ्याचदा छान असतात. आणि काजू फॅक्टरीत सकाळी आठ ते संध्याकाळी पाच पत्र्याखाली बसून काजू सोलणाऱ्या गोऱ्या मुलीचा आकडा तळाला असतो. पोफळीच्या बागेत दिवसभर काम करणाऱ्याला वाटतं आपण बाहेरच असतो, पण त्या बागेत ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही, शिंपणं करून घरी येईपर्यंत माणूस सावलीतच असतो. रंग हा एक घटक, पण दिवस कुठे जातो हा त्याहून मोठा.

एक सोपी खूण सांगतो, मी ओपीडीत रोज बघतो. हात पुढे करा, दंडाची आतली बाजू म्हणजे काखेजवळची, आणि मनगटाच्या वरची बाजू, दोन्हींचा रंग ताडून बघा. आतली बाजू हा तुमचा जन्माचा रंग, तो सांगतो तुम्हाला किती वेळ ऊन लागेल. आणि दोन्हीतला फरक सांगतो की तुम्हाला प्रत्यक्षात ऊन किती मिळतंय. दोन्ही सारखेच दिसले तर समजा ऊन मिळतच नाहीये, मग तुम्ही गोरे असा का सावळे. शाळेतल्या बाई म्हटल्यावर सकाळी छत्री घेऊन बस, मग वर्ग, मग बस, मला वाटतं तुमचे दोन्ही रंग सारखेच निघतील.

आता कोवळ्या उन्हाबद्दल बोललंच पाहिजे कारण सगळे तिथेच चुकतात. सकाळी सातचं कोवळं ऊन खातो असं प्रत्येक जण सांगतो, ते छान आहे, झोप सुधारते, मन ताजं होतं, फिरणं होतं, पण डीसाठी त्याचा उपयोग नगण्य. सूर्य ४५ अंशाच्या वर आला की मग खरं यूव्हीबी मिळायला लागतं, आणि ते ओळखायला अॅप लागत नाही, आपली सावली बघायची. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की वेळ सुरू, लांब झाली की संपली. रत्नागिरीच्या आसपास मे मध्ये ही वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन, ऑक्टोबरात दहा ते अडीच-पावणेतीन, आणि डिसेंबरात आखडून सव्वाअकरा ते पावणेदोन एवढीच. म्हणजे आपला हिवाळा दुष्काळ नसला तरी खिडकी लहान होते, आणि नेमकं त्या वेळी तुम्ही वर्गात असता.

मग करायचं काय? मे मध्ये दुपारी बारा वाजता उन्हात जाऊन बसा असं मी कोणालाच सांगणार नाही, उष्माघात होतो, माणसं दगावतात. मे मध्ये साडेनऊ-दहाला काजू, आमसुलं, कुळीथ वाळत घालायला खळ्यात जाल तेव्हा तेवढा वेळ बाह्या कोपराच्या वर करा, डोक्यावर टोपी नाहीतर पदर असू दे, चेहरा सावलीत राहिला तरी चालतो, हात आणि पाय उघडे हवेत. आपल्या कातडीला अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून तीन-चार दिवस, हे मी माझ्या पेशंटना सांगतो. दिवाळीनंतर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी साडेअकरा-बाराची वेळ पकडा, हवा छान असते, त्रास होत नाही. जास्त वेळ बसल्यानं जास्तीचं विष होत नाही, कारण कातडीत ठराविक प्रमाणाच्या पुढे गेलं की तेच ऊन जास्तीच्या कच्च्या मालाचं दुसऱ्या निरुपयोगी पदार्थात रूपांतर करतं. उन्हानं कधी व्हिटॅमिन डीची विषबाधा होत नाही. ती होते पुडीनं.

पुडीवर येऊ. ६० हजार युनिट आठवड्याला म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले. मोठ्या माणसाची रोजची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात ६०० युनिट धरलीय, आणि दीर्घकाळ रोज ४ हजारच्या वर घेऊ नये असं सर्वसाधारण मानलं जातं. त्यामुळे आठवड्याची पुडी हा कोर्स आहे, आठ आठवड्यांचा, कायमचं औषध नव्हे. माझ्याकडे एक काका आले होते, महिनाभर उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रात्री चार-पाच वेळा लघवी, घरचे म्हणाले बोलतातही असंबद्ध. शुगर नॉर्मल. पिशवीतली औषधं टेबलावर ओतायला सांगितली तर त्यात ही पुडी निघाली, कोणीतरी सुरू करून दिलेली, थांबवायची कधी ते कोणी सांगितलंच नाही, दीड वर्ष दर रविवारी चालू, शिवाय मधे दोन इंजेक्शनं. कॅल्शियम खूप वर गेलेलं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते दाखवणारा आकडा, वाढलेलं. अॅडमिट करून सलाइन देऊन खाली आणलं, पण किडनी पूर्ण पहिल्यासारखी झाली नाही. हे आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण पुडीच्या कागदावर 'आठ आठवडे' एवढं कोणी लिहिलं असतं तर ते टळलं असतं. आणि एकदम प्रचंड डोस देणंही चांगलं नाही, ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन बघितलं होतं, २०१० साली त्याचे निकाल आले, तर पडणं आणि हाड मोडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं.

१४ म्हणजे किती वाईट? इथे डॉक्टरांतही मतभेद आहेत ते स्पष्टच सांगतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०११ साली म्हटलं की बहुतेकांना २० पुरेसं, १२ च्या खाली खरी कमतरता. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेनं, ३० हवं म्हटलं, आणि लॅबवाल्यांनी तोच ३० रिपोर्टवर छापला, म्हणून निम्मं गाव लाल अक्षरात यायला लागलं. २०२४ मध्ये त्याच सोसायटीनं नव्या सूचना काढल्या, त्यात ३० चा आग्रह सोडला आणि धडधाकट माणसांची सरसकट टेस्ट करू नका असंही सांगितलं. शिवाय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांचे डीचे आकडे गोऱ्यांपेक्षा कमी असतात तरी त्यांची हाडं कमी मोडतात, म्हणजे एकच आकडा सगळ्या कातड्यांना सारखाच लावावा का हाही प्रश्न उभाच आहे. आणि डी घेतलं की हार्ट, कॅन्सर सगळं टळतं म्हणतात त्याबद्दल, अमेरिकेत २५ हजारांवर लोकांना काही वर्षं रोज २ हजार युनिट देऊन पाहिलं, हार्ट अटॅक आणि कॅन्सर होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. मुडदूस (लहान मुलांची हाडं वाकणं) आणि मोठ्यांची हाडं मऊ पडणं यात मात्र व्हिटॅमिन डीचं महत्त्व वादातीत आहे, १९१९ मध्येच बर्लिनमध्ये नुसत्या यूव्ही दिव्यानं मुडदूस बरा करून दाखवला होता.

तर तुमच्यासाठी: १४ हे पावसाळ्याच्या तळाचं आहे, भयंकर नाही, पण उन्हाळ्यातही तुमचं फार वर जात असेल असं तुमच्या दिनक्रमावरून वाटत नाही. आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन बघून घ्या, कधी मुतखडा झाला असेल तर तुमच्या डॉक्टरांना तो सांगाच, आणि सगळं ठीक असलं तर त्यांच्या सल्ल्यानं आठवड्याला एक अशी आठ पुड्या, जेवणाबरोबर, ज्या जेवणात थोडं तेल-तूप असेल त्याच्याबरोबर. आठ झाल्या की थांबवा. मग महिन्याला एक, म्हणजे रोजचे २ हजार पडतात, ती मी पुढच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर देईन, ऑक्टोबर ते मे ऊन आणि बांगडा. परत टेस्ट करायचीच असेल तर कोर्स संपून तीन महिन्यांनी, त्याच लॅबमध्ये, आणि त्यानंतर दर वर्षी करायची तर दर वर्षी एकाच महिन्यात.

आता सासूबाई. वय ७२, नऊवारीत आणि घरातच असतात, वर्षभर कंबर आणि मांड्या दुखतात, जमिनीवरून उठताना जोत्याला धरावं लागतं, चालताना बदकासारख्या डुलतात, आणि सगळे म्हणतात वय झालं, असं तुम्ही लिहिलंय. ताई, हे नुसतं वय नाही असं मला वाटतं. सत्तरीला कातडीतला तो कच्चा मालच तरुणपणाच्या निम्म्याहून कमी झालेला असतो, त्यात सावळा रंग, त्यात नऊवारी, त्यात चातुर्मासात चार महिने मासा नाही. हाडं मऊ पडली की नेमकं असंच होतं, मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंची ताकद जाते. त्यांच्या नडगीच्या हाडावर अंगठ्यानं हलकं दाबून बघा, विव्हळल्या तर दाबणं लगेच सोडा आणि तपासण्या करायला थांबू नका. फिट्सच्या गोळ्या किंवा टीबीचं औषध कधी चालू होतं का तेही आठवा, त्यानंही डी खाली जातं. त्यांचं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत आणि लिव्हरमध्ये असणारं एक एन्झाइम), क्रिएटिनिन आणि व्हिटॅमिन डी एवढं याच आठवड्यात करा, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं आणि फॉस्फरस कमी असं निघालं तर कंबरेचा आणि खुब्याचा एक्सरेही लागेल. मी अशा दोन आज्या बघितल्यात ज्यांना तीन वर्षं गुडघ्याचं तेल चोळत होते, आणि औषध सुरू केल्यावर तीन-चार महिन्यांत त्या स्वतःच्या पायांनी मागीलदारी तुळशीला पाणी घालायला गेल्या. रिपोर्ट आले की आकडे मला कळवा, आणि तोवर त्यांना जमिनीवर बसवू नका, खुर्ची द्या, आणि न्हाणीघराच्या दाराशी धरायला एक बांबू ठोकून घ्या.